सहावा कंस आणि इंटरमिजिएटची भीती

पावसाळा सुरू झाला की ठाण्यातल्या माझ्या समुपदेशन कक्षात एक प्रश्न दरवर्षी येतो. तो विचारणारे बहुधा आठवी-नववीतल्या मुलांचे आईवडील असतात आणि प्रश्न साधारण असा असतो : मूल घरी सगळ्या आकृत्या बरोबर काढते, पण वेळ लावून बसवले की हात गार पडतात, पेपर अर्धा राहतो, ही भीती कशी घालवायची? एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन शासकीय रेखाकला परीक्षांपैकी दुसरीच्या, म्हणजे इंटरमिजिएटच्या भूमितीच्या पेपराबाबत हा प्रश्न विशेष येतो. स्थिरचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र या पेपरांत हाताला थोडी मोकळीक असते. भूमिती, घनभूमिती आणि अक्षरलेखनाच्या पेपरात मात्र रेषा जिथे यायला हवी तिथेच यावी लागते आणि चूक झाली की ती काढणाऱ्यालाच सर्वांत आधी दिसते. मागे हाताळलेली एक केस मी इथे मांडते आहे. मुलीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहिण्याला तिची आणि तिच्या पालकांची संमती आहे.

मुलगी नववीत होती, राहायला वर्तकनगरला. वडील संध्याकाळी ठाणे स्टेशनवर उतरून थेट नौपाड्यात माझ्याकडे यायचे आणि आई तिला घेऊन तिथे पोहोचायची. पहिल्या भेटीत वडीलच जास्त बोलले. "मॅडम, एलिमेंटरीला हिला बी मिळाली. या वेळी ए आली तर दहावीला सात मार्क वाढीव मिळतात. शाळेतल्या सराव परीक्षेत हिने घनभूमितीचे प्रश्न कोरे सोडले. येत नाहीत असं नाही हो, घरी सगळे काढून दाखवते." मुलगी खाली मान घालून दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत होती. मी तिला विचारले, की त्या दिवशी पेपरात नक्की काय झाले. बराच वेळ ती काही बोलली नाही आणि मग एवढेच म्हणाली, "षटकोन जुळत नव्हता."

त्या वाक्यापाशी मी तेव्हाच थांबायला हवे होते. परीक्षेच्या भीतीची नेहमीची लक्षणे मला दिसत होती : आदल्या रात्री झोप न लागणे, पोटात कळ येणे, तळहातांना घाम. त्यामुळे मी नेहमीच्या मार्गाने गेले. सावकाश श्वास सोडण्याचा सराव दिला, झोपेची वेळ ठरवून दिली आणि आठवड्यातून दोन सराव पेपर घड्याळ लावून सोडवायला सांगितले. आठवड्याने ती आली तेव्हा झोप थोडी सुधारली होती, पण दोन्ही पेपर पुन्हा अर्धेच राहिले होते. माझा उपाय चुकीचा नव्हता, पण मी तो अडचण न पाहताच दिला होता. ती मुलगी श्वास सावरून पुन्हा त्याच जागी अडकत होती.

तिसऱ्या भेटीला मी तिला ड्रॉइंगचे सगळे साहित्य घेऊन यायला सांगितले आणि माझ्या टेबलावर एक षटकोन काढायला लावला. चार सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढायचे, कंपास तेवढाच उघडा ठेवून परिघावर सहा कंस मारायचे आणि ते छेदनबिंदू जोडायचे, ही रचना तिला तोंडपाठ होती. पाच कंस झाले. सहावा कंस पहिल्या बिंदूवर यायला हवा होता, तो थोडा पुढे पडला. तिने ओठ आवळले, खोडरबर घेतले, सगळे पुसले, हाताच्या कडेने कचरा झटकला आणि त्याच हाताने कागदावर शिशाचा करडा डाग पसरवला. मग पुन्हा वर्तुळ, पुन्हा सहा कंस आणि पुन्हा तीच फट. पंचवीस मिनिटांत तिने चार वेळा खोडले. शेवटी त्या जागी कागदाची लव निघाली होती आणि पेन्सिलची रेघ तिथे फाटल्यासारखी उमटू लागली होती. श्वास उथळ झाला होता, मान कागदावर इंचभर अंतरापर्यंत वाकली होती. सराव परीक्षेत काय झाले असेल, हे माझ्यासमोर जसेच्या तसे घडत होते.

मी कंपास हातात घेऊन पाहिला. तो तिच्या मावसभावाचा, बरीच वर्षे वापरलेला. वरचा स्क्रू सैल होता आणि पेन्सिल अडकवायची कडी हलत होती. परिघावर कंस मारताना दर वेळी पाय किंचित फाकत होते. प्रत्येक कंसाला अर्ध्या मिलीमीटरची वाढ झाली, तरी सहाव्या कंसापर्यंत सुमारे साडेतीन मिलीमीटरचा फरक पडतो. म्हणजे षटकोन न जुळण्यात तिच्या हाताचा दोष फारच थोडा होता. मी हे सांगितल्यावर तिने कंपास माझ्याकडून घेतला, दोन बोटांत धरून त्याचे पाय हलवून पाहिले आणि म्हणाली, "मला वाटलं माझाच हात थरथरतो."

भीतीच्या पोटी हात थरथरतो हे खरे आहे, पण सैल कंपासमुळे आकृती चुकत राहते आणि त्यातून भीती वाढत जाते, हेही तितकेच खरे आहे. म्हणून मुलाला माझ्याकडे आणण्याआधी पालकांनी त्याची कंपासपेटी एकदा स्वतः उघडून पाहावी, असे मी आता आवर्जून सांगते. स्क्रू घट्ट आहे ना, कंपासचे पाय मिटवल्यावर सुईचे टोक शिशापेक्षा किंचित पुढे येते ना, शिसे बारीक सँडपेपरवर घासून धारदार केले आहे ना, गुण्याचा काटकोन झिजलेला नाही ना, हे पाहायला दहा मिनिटे पुरतात. त्या रविवारी वडिलांनी तिला नवा कंपास आणून दिला आणि षटकोन जुळू लागला.

पण खोडणे थांबले नाही. आता कारण वेगळे होते : रेषा जरा जाड आली, बिंदू जरा मोठा पडला. पहिल्या प्रश्नाला ठरलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ जात होता आणि शेवटचे प्रश्न अजूनही राहत होते. परवानगी घेऊन मी तिच्या शाळेतल्या कलाशिक्षकांशी फोनवर बोलले. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मुलीला ठाऊक होती, पण तिच्या मनाने ती मान्य केलेली नव्हती. भूमितीच्या पेपरात रचनेच्या रेषा पुसायच्या नसतात. कंस, दुभाजक, मदतीच्या रेषा फिकट ठेवायच्या आणि उत्तराची आकृती तेवढी ठळक करायची, कारण आकृती कोणत्या रीतीने काढली हे तपासणाऱ्याला त्या फिकट रेषांवरूनच कळते. मुलीला मात्र कागद स्वच्छ म्हणजे कोरा हवा होता. स्थिरचित्रात चालणारी सवय ती इथे आणत होती.

यावर आम्ही जो सराव केला तो ऐकायला सोपा वाटेल, पण तिच्यासाठी तो सर्वांत अवघड होता. दिलेल्या बाजूवर पंचकोन काढायचा, त्यात एक कंस मुद्दाम चुकीच्या जागी मारायचा, त्याला हात न लावता शेजारी बरोबर कंस मारायचा आणि आकृती पूर्ण करायची. खोडरबर माझ्या ड्रॉवरमध्ये. पहिल्या दिवशी तो चुकीचा कंस मारल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आले. ती तीन-चार मिनिटे नुसती बसून राहिली आणि मीही काही बोलले नाही. मग तिने शेजारी दुसरा कंस मारला. पुढच्या दोन आठवड्यांत रोज अशी एक आकृती तिने घरी काढली. ज्याची धास्ती वाटते ते थोड्या प्रमाणात, सुरक्षित जागी, पुन्हा पुन्हा समोर येऊ दिले की धास्तीची धार कमी होते, या तत्त्वावर आमच्या कामाचा मोठा भाग उभा आहे.

घनभूमितीची अडचण निराळी होती. षटकोनी प्रिझमचे प्लॅन आणि एलिव्हेशन, म्हणजे वरून आणि समोरून दिसणारे आकार, तिला एका स्थितीत पाठ होते, तळाच्या षटकोनाची एक बाजू एक्सवाय रेषेला, म्हणजे या दोन आकृत्यांमधल्या आडव्या रेषेला, समांतर असताना. प्रश्नात तीच बाजू लंब दिली की ती गोंधळायची. पाठांतर शांत खोलीत टिकते. चिंतेत मात्र मनाची तात्पुरती साठवण काळजीनेच भरून जाते आणि पाठ केलेले आधी निसटते. म्हणून आकृती आठवण्याऐवजी दिसायला हवी होती. मी तिची सहा कडांची पेन्सिल टेबलावर उभी धरली. "सरळ समोरून बघ, किती बाजू दिसतात?" तीन दिसत होत्या : मधली पूर्ण रुंद आणि कडेच्या दोन तिच्या निम्म्या. मग तिने स्वतः पेन्सिल हळूच फिरवली. मधोमध एक कड आली आणि दोनच बाजू दिसू लागल्या. तिने पेन्सिल पुन्हा मागे फिरवली, पुन्हा पुढे फिरवली. पेन्सिलचे टोक वरून पाहिले तर दोन्ही वेळा षटकोनच, फक्त वळलेला. नंतर तिच्या आईने घरी हाच खेळ चालू ठेवला. त्यांचे घर सातव्या मजल्यावर आहे. गॅलरीतून समोरच्या बैठ्या इमारतीच्या गच्चीवरच्या काळ्या पाण्याच्या टाक्या वरून गोल दिसतात, खाली उतरून दुरून पाहिल्या तर उभ्या आयतासारख्या. तिथे काही समजावून सांगावे लागले नाही.

वडिलांशी मी दोनदा स्वतंत्र बोलले. मुलीवर त्यांचा जीव आहे आणि सात गुणांचा आग्रहही त्या जिवापोटीच होता. इंटरमिजिएटला ए श्रेणी आली तर दहावीला सात, बी आली तर पाच आणि सी आली तर तीन वाढीव गुण मिळतात. दहावीची टक्केवारी पाच विषयांच्या पाचशे गुणांवर काढतात, म्हणजे ए आणि बी यांतला फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. हा हिशोब मी त्यांच्यासमोर कागदावर मांडला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आम्ही रोज जेवताना विचारतो तिला, आज किती आकृत्या झाल्या म्हणून." मी त्यांना जेवणाच्या ताटावर परीक्षेचा विषय काढू नका, एवढीच विनंती केली. त्यांनी ती पाळली. मला हे सोपे वाटत नाही. नोकरी करून दमून आलेल्या माणसाला मुलांशी बोलायला तेवढीच वेळ मिळते.

प्रत्येक वेळी असे पुरेसे ठरत नाही, हेही सांगायला हवे. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे बिघडलेली असेल, मूल शाळेतच जायला नकार देत असेल किंवा जगण्याबद्दल निराशेचे बोलत असेल, तर प्रश्न एका पेपराचा नसतो आणि तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवण्यात उशीर करू नये.

परीक्षेनंतर साधारण आठवड्याने ती आईबरोबर भेटायला आली. पहिल्याच आकृतीत तिची एक स्पर्शिका चुकली होती. ती फिकट तशीच ठेवून शेजारी बरोबर रेषा काढली आणि पुढच्या प्रश्नाला गेले, असे तिने सांगितले. अक्षरलेखन शेवटी घाईत उरकावे लागले, पण कोरा प्रश्न एकही राहिला नाही. पुढे निकाल लागला तेव्हा वडिलांचा फोन आला. बी श्रेणी मिळाली होती. "मॅडम, ती आता तिच्या आतेबहिणीला शिकवते आहे," ते म्हणाले, "पहिल्या दिवशी तिने तिचा कंपासच मागून घेतला आणि स्क्रू आवळून दिला."