वसाहतोत्तर की उत्तरवसाहतवादी?

प्रश्न असा आला आहे : ख्रिस्ती समाजनीतीवरच्या (म्हणजे समाजात न्यायाने कसं वागावं, याच्या ख्रिस्ती विचारावरच्या) मराठी लेखनात कुठे ‘वसाहतोत्तर विचार’ दिसतो, कुठे ‘उत्तरवसाहतवादी’. दोन्ही एकच का?

लिहिणारे बहुतेक वेळा एकच धरतात. मी धरत नाही. ‘उत्तर’ मागे लागला की त्या गोष्टीनंतरचं : युद्धोत्तर, मरणोत्तर. पुढे लागला की पुष्कळदा त्याच गोष्टीचा पुढचा भाग : उत्तरार्ध, उत्तररात्र. उत्तररात्र ही रात्रच असते, तिला कुणी सकाळ म्हणत नाही. (‘उत्तर भारत’ वेगळा, तिथे दिशा आहे.)

आणि उत्तरवसाहतवादी विचाराचं म्हणणं नेमकं तेच आहे : वसाहत संपली तरी तिचा अंमल संपत नाही. गोरा साहेब बोटीत बसला, तरी त्याने लावलेली उच्च-नीचाची उतरंड कायद्यात, शाळेत आणि चर्चच्या उपदेशातही मुक्काम ठोकून राहते. १९८५ची दक्षिण आफ्रिका घ्या. ती १९६१पासून प्रजासत्ताक, म्हणजे कॅलेंडरप्रमाणे ‘वसाहतोत्तर’च, पण बहुसंख्य काळ्या लोकांना संसदेसाठी मत नाही. त्या वर्षी तिथल्या पाळकांनी आणि धर्मशास्त्रज्ञांनी ‘काइरोस दस्तऐवज’ हे वर्णभेदी राजवटीविरुद्धचं निवेदन काढलं. सरकार बायबलमधल्या ‘रोमकरांस पत्रा’चा तेरावा अध्याय (सत्तेच्या अधीन राहा असं सांगणारा) पुढे करून आज्ञापालन मागतं, यावर त्यात टीका आहेच, पण मला जास्त धारदार वाटतो तो चर्चच्या लाडक्या ‘समेट’ या शब्दावरचा आक्षेप. अन्याय जागच्या जागी ठेवून पीडितांना समेट करायला सांगणं ख्रिस्ती नव्हेच, असं ते सरळ म्हणतात.

उलट टोकाचं उदाहरण आपल्याच पंडिता रमाबाईंचं. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, म्हणजे इंग्रजी राज्य ऐन भरात. तरी बाई अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) वडीलधाऱ्यांशी वाद घालतात : क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत? त्यांनी पुरुषांना शिकवण्यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तर त्यावरही त्या अडून बसल्या. धर्म स्वीकारला, साहेबाची हुकमत नाही. याला ‘वसाहतोत्तर’ कसं म्हणणार? वसाहत तर समोर उभी होती!

म्हणून काळाबद्दल बोलताना ‘वसाहतोत्तर’ : १९४७नंतरचं भारतीय चर्च हे वसाहतोत्तर चर्च. दृष्टीबद्दल बोलताना ‘उत्तरवसाहतवादी’. नुसता परक्या सत्तेला विरोध सांगायचा असेल, तर ‘वसाहतवादविरोधी’ हा सरळ शब्द आहेच.