भाताला थंडी सोसण्याची ताकद एकाच जनुकामुळे मिळते का?

नाही. हा गुण अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामातून येतो, आणि पिकाच्या प्रत्येक अवस्थेत वेगळी जनुके कामाला येतात. म्हणून रोपावस्थेत थंडीला टिकलेली जात पुढे फुलोऱ्याच्या सुमारास टिकेलच असे नाही.

तरी एका जनुकाबद्दल सांगायलाच हवे, ते म्हणजे 'कोल्ड१'. चिनी शास्त्रज्ञांनी त्यावरचे संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. भाताचे जॅपोनिका आणि इंडिका असे दोन मुख्य प्रकार आहेत. जॅपोनिका भात साधारणपणे थंडी सोसतो, इंडिका गारठतो. या फरकामागे कोल्ड१ मधल्या डीएनएच्या एका अक्षराच्या बदलाचा मोठा हात आहे. या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीच्या पटलात बसते. तापमान घसरले की त्याच्यामुळे कॅल्शियम पेशीत शिरते आणि तोच बचाव सुरू करण्याचा इशारा ठरतो. मला यात सर्वात विलक्षण वाटते ते हे, की थंडी सोसणारे हे रूप चीनमधल्या रानभातातून आले आणि माणसाने लागवडीसाठी निवड करताना ते टिकून राहिले.

शेतकऱ्याचे खरे नुकसान मात्र पोटरी अवस्थेत, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याआधी, होते. तेव्हा थंडी पडली तर परागकण नीट तयार होत नाहीत आणि दाणे पोचट राहतात. या टप्प्यासाठी 'सीटीबी४ए' हे जनुक उपयोगी आहे. ते चीनच्या युन्नानमधल्या एका पारंपरिक जातीत सापडले. बी उगवतानाची सहनशीलता आणखी वेगळी, तिथे 'क्यूएलटीजी३-१' महत्त्वाचे.

म्हणूनच पैदासकार जनुकीय खुणा (डीएनएमधले ओळखता येणारे फरक) तपासून या जनुकांची थंडी सोसणारी अनेक रूपे एकाच वाणात आणायचा प्रयत्न करतात.