लिनक्सवर लिहिलेली टेक्स्ट फाइल जुन्या डॉस पीसीच्या डॉट मॅट्रिक्सवर नीट कशी छापायची?

तुमच्या प्रश्नातला मामला असा: लिनक्स लॅपटॉपवर फाइल लिहिली, फ्लॉपीवर टाकली, डॉसच्या पीसीवरून एप्सन एलएक्स-८०० ला पाठवली. प्रत्येक ओळ आधीची ओळ संपली त्याच्या खाली सुरू होत जिन्यासारखी उजवीकडे सरकते, अधूनमधून भलतीच तिरकी अक्षरं येतात आणि शेवटची ओळ छापलीच जात नाही. कागद १२ इंची कंटिन्युअस स्टेशनरी, आणि पानं हळूहळू सरकतात.

प्रिंटर बहुधा ठणठणीत आहे, दुरुस्ती फाइलमध्ये करायची आहे. तीही लॅपटॉपवरच करा, डॉसच्या मशीनवर नको.

आधी जिना. लिनक्स ओळीच्या शेवटी एकच बाइट (फाइलमधला ० ते २५५ पैकी एक आकडा) ठेवतो: १०, म्हणजे लाइन फीड. प्रिंटर तो शब्दशः पाळतो. कागद एक ओळ वर सरकवतो, पण हेड जिथे आहे तिथेच राहतं. हेड डावीकडे आणायला १३, म्हणजे कॅरेज रिटर्न लागतो. डॉसच्या फाइलमध्ये १३ आणि १० अशी जोडी असते. अशा वेळी 'प्रिंटरचा ऑटो लाइन फीडचा स्विच चालू करा' असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. तो स्विच कॅरेज रिटर्नला लाइन फीड जोडतो, तुमच्याकडे नेमकं उलटं कमी आहे. जिना तसाच राहील आणि डॉसच्या चांगल्या फाइल्स एक ओळ सोडून छापल्या जाऊ लागतील. (जुन्या मॅकची फाइल आली तर तिच्यात नुसता १३ असतो आणि सगळा मजकूर एकाच ओळीवर काळाकुट्ट छापला जातो. ऑटो लाइन फीडचा उपयोग तिथे.)

आता तिरकी अक्षरं. लिनक्सची फाइल यूटीएफ-८ मध्ये असते, म्हणजे जगभरची अक्षरं एक ते चार बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत. एडिटरने किंवा वेबवरून केलेल्या कॉपी-पेस्टने त्यात गोल अवतरणचिन्हं, लांब डॅश, रुपयाची खूण शिरते आणि यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, तिन्ही बाइट १२७ च्या वरचे. उघडणारं गोल अवतरण म्हणजे २२६, १२८, १५६. डॉसच्या स्क्रीनवर ४३७ कोडपेजात (कोडपेज म्हणजे कुठला बाइट कुठलं अक्षर दाखवतो त्याचा तक्ता) ते ग्रीक गॅमा, शेपटीवाला सी आणि पौंडाची खूण असं दिसतं. प्रिंटर इटॅलिक कॅरेक्टर टेबलवर (१२७ च्या वरच्या बाइटांना तिरकी अक्षरं देणाऱ्या तक्त्यावर) असेल तर तो २२६ मधून १२८ वजा करून ९८ नंबरचं अक्षर, म्हणजे छोटं बी, तिरकं छापतो. उरलेले दोन बाइट १२८ ते १५९ मधले. या टेबलवर त्या टापूतले बाइट ० ते ३१ च्या कंट्रोल कोडसारखे वागतात.

म्हणूनच देवनागरी मजकूर चुकूनही तसाच पाठवू नका. प्रत्येक अक्षराचे पहिले दोन बाइट तिरकं उलटं अवतरणचिन्ह (`) आणि तिरका डॉलर किंवा टक्का होऊन छापले जातात. खरी गंमत तिसऱ्यात. हलन्ताचा शेवटचा बाइट १४१, म्हणजे कॅरेज रिटर्न: हेड डावीकडे जाऊन छापलेल्यावरच पुन्हा छापतं. 'ए'चा १४३, त्याने अक्षरं कंडेन्स्ड, म्हणजे बारीक होतात. 'छ'चा १५५ म्हणजे एस्केप, तो पुढचा बाइट गिळतो. आणि औकाराच्या मात्रेचा १४० म्हणजे फॉर्म फीड. 'मौज' लिहिलंत की पान बाहेर. मराठी हवंच असेल तर मजकुराचं लॅपटॉपवर चित्र करून ग्राफिक्स मोडमध्ये छापणं हाच सरळ मार्ग. त्या काळी हे काम सी-डॅकचं जिस्ट कार्ड करायचं.

इंग्रजी मजकुराचा क्रम असा, आणि तो बदलू नका. पुढची सगळी नावं लिनक्सच्या कमांडची आहेत.

पहिल्यांदा डॉस२युनिक्स चालवा. उलटं वाटेल, पण तो ओळींच्या शेवटी १० च्या आधी आलेले १३ काढतो आणि फाइलच्या तोंडाशी असलेला बीओएम, म्हणजे यूटीएफ-८ ची तीन बाइटांची खूणही उडवतो. मग रुपयाची खूण शोधून तिथे 'आरएस' ही दोन रोमन अक्षरं घाला. ही खूण २०१० ची, डॉसच्या कुठल्याच कोडपेजात नाही. त्यानंतर आयकॉन्व्हने यूटीएफ-८ वरून आस्कीत (साध्या इंग्रजी अक्षरांच्या जुन्या संचात) आणा, आस्कीच्या नावापुढे दोन तिरक्या रेघा आणि ट्रान्सलिट (न जमणाऱ्या अक्षराच्या जागी जवळचं अक्षर घाल, असा हुकूम) जोडून. ट्रान्सलिट विसरलात तर पहिल्याच न जमणाऱ्या अक्षराशी तो थांबतो आणि पुढची फाइल गायब. ४३७ ऐवजी आस्की का? आस्कीत १२७ च्या वर काहीच नसतं, त्यामुळे प्रिंटर कुठल्या टेबलवर आहे याची फिकीर उरत नाही. अर्धा किंवा अंशाची खूण गमवावी लागते, माझ्या मते सौदा स्वस्त आहे.

पुढे एक्सपँड, म्हणजे टॅबच्या जागी स्पेस. मग फोल्ड, म्हणजे लांब ओळी तोडणं, -एस लावून म्हणजे शब्द मधे तुटत नाहीत, रुंदी ७२. इंचाला १० अक्षरं धरली तर ८ इंचात ८० बसतात. ६ डाव्या समासाला दिले की ७८ होतात, दोनची मोकळीक राहते. फोल्ड आयकॉन्व्हच्या नंतरच, कारण ट्रान्सलिटने तीन टिंबांचं एक चिन्ह तीन अक्षरांचं होतं आणि ओळ लांबते.

मग पीआर, म्हणजे मजकुराची पानं पाडणं, -एल ७२ (पानाच्या ओळी) आणि -ओ ६ (डावा समास) लावून. इंचाला ६ ओळी, १२ इंचाला ७२. पीआर मुकाट्याने ६६ धरतो, म्हणजे ११ इंची कागद. तो आकडा तसाच ठेवलात तर पानं सरकतात: दर पानाला एक इंच, आणि बाराव्या पानाअखेर बरोबर अकरा कागद संपतात. ७२ पैकी ५ ओळी वर आणि ५ खाली जातात, मजकुराला ६२ उरतात.

सगळ्यात शेवटी युनिक्स२डॉस. आधी केलंत तर फोल्ड आणि पीआर स्वतः घालतात त्या नव्या ओळींना १३ मिळत नाही.

सुरुवातीला प्रिंटर रीसेट करायचा असेल तर २७ आणि ६४ हे दोन बाइट, अक्षरं बारीक हवी असतील तर त्यानंतर १५ (मग फोल्डची रुंदी १३० पर्यंत नेता येते, ओळीत १३७ बसतात). पण हे बाइट वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवा आणि युनिक्स२डॉस झाल्यावर कॅटने (फाइल्स जोडणारी कमांड) मजकुराच्या आधी जोडा. फाइलच्या आत २७ दिसला की युनिक्स२डॉस तिला बायनरी, म्हणजे मजकुराची नसलेली फाइल समजून सोडून देतो. एक ओळीचा इशारा येतो, तो नजरेतून निसटला की तुम्ही पुन्हा जिन्यावर.

शेवटची ओळ न छापण्याचं कारण साधं आहे. प्रिंटर अक्षरं बफरमध्ये धरून ठेवतो आणि १३, १० किंवा फॉर्म फीड आला किंवा ओळ भरली की छापतो. फाइलची शेवटची ओळ एंटर न मारता सोडलेली असते. पीआर शेवटचं पान रिकाम्या ओळींनी भरतो, तेव्हा ही अडचण आपोआप जाते.

डॉसवर फाइलचं नाव आठ अक्षरांच्या आत ठेवा आणि 'कॉपी /बी फाइल एलपीटी१' असं पाठवा (एलपीटी१ म्हणजे प्रिंटरचा पोर्ट). /बी मुळे वाटेत २६ नंबरचा बाइट (डॉसची फाइल संपल्याची खूण) आला तरी कॉपी तिथे थांबत नाही.

प्रिंटरवर दोनच गोष्टी बघायच्या. परफोरेशन (दोन पानांमधली फाडायची भोकांची रेघ) ओलांडण्याचा एक इंची स्किप डीआयपी स्विचने, म्हणजे प्रिंटरवरच्या बारीक सेटिंगच्या खटक्याने बंद करा, नाहीतर पीआरच्या हिशेबात प्रिंटर स्वतःच्या सहा ओळी घुसवतो. स्विच बदलल्यावर पॉवर बंद-चालू करावी लागते, तो सुरू होतानाच स्विच वाचतो. आणि कागदाची परफोरेशनची रेघ हेडशी जुळवूनच पॉवर चालू करा. सुरू होताना कागद जिथे असेल तेच त्याच्या लेखी पानाचं डोकं.

तरीही बिनसलं तर अंदाज बांधत बसू नका. पॉवर बंद करा, लाइन फीड आणि फॉर्म फीडची बटणं एकत्र दाबून धरा आणि चालू करा. प्रिंटर डेटा डंप मोडमध्ये जातो आणि येणारा प्रत्येक बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत छापतो (१३ म्हणजे ०डी, १० म्हणजे ०ए). ओळीच्या टोकाला ०डी ०ए दिसलं की जोडी आहे. नुसतं ०ए असेल तर युनिक्स२डॉस झालेलं नाही. ई२ ८० दिसलं तर आयकॉन्व्ह राहिलंय.