लघवीची जळजळ गोळ्यांनी थांबली, तरी डॉक्टरकडे जायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंडोम न वापरता बाहेर संबंध आला, पाचव्या दिवशी लघवीला आग आणि पिवळा स्राव सुरू झाला. मेडिकलवाल्याने तीन गोळ्या दिल्या, आता स्राव थांबलाय. मधे होणाऱ्या बायकोशीही एकदा संबंध आला. लग्नाला पाच महिने आहेत. तर आता डॉक्टरकडे जायची गरज उरली का, आणि नागपुरात ओळखीचं कोणी भेटणार नाही असं ठिकाण कोणतं?

गरज आहे, आणि याच आठवड्यात. मी फार्मासिस्ट आहे, सक्करदऱ्यात काउंटरवर बसतो, म्हणून काउंटरच्या अलीकडचं सांगतो. असं गिऱ्हाईक आलं की आधी बाजूला उभं राहतं, बाकीचे जाईपर्यंत टूथपेस्टचे भाव वाचत बसतं. मग हळूच, "भाऊ, लघवीला जळजळ होऊन रायली, काही द्या ना." किती दिवस झाले, फोड आहे का, संबंध कधी आला, हे तिथे विचारणार कोण आणि सांगणार कोण? मग हातात पडते ॲझिथ्रोची तीन गोळ्यांची स्ट्रिप, नाहीतर सिप्रो. दोन्ही अँटिबायोटिकं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, पण सर्रास दिली जातात.

तुमच्या लक्षणांवरून परमा, म्हणजे गनोरिया, असण्याची शक्यता बरीच आहे. संबंधानंतर बहुधा 2 ते 7 दिवसांत तो दिसतो. त्याच्या जोडीला पुष्कळदा क्लॅमिडिया असतो, तो 1 ते 3 आठवड्यांनी उगवतो आणि कित्येकांना काहीच त्रास देत नाही. परम्याच्या जंतूवर सिप्रो आपल्याकडे कधीचंच चालेनासं झालंय, आणि एकट्या ॲझिथ्रोवर भरवसा ठेवता येत नाही. स्राव थांबला याचा अर्थ जंतू गेला असा होत नाही. तो आत राहिला तर वृषणाला सूज आणतो, आणि बाईच्या गर्भनलिकांची वाट लावतो. सरकारी दवाखान्यात यासाठी दोन औषधं एकत्र देतात. स्रावासाठी राखाडी पाकीट, जखमेसाठी पांढरं, नागिणीसारख्या पुरळासाठी म्हणजे हर्पिससाठी लाल, असे रंगच ठरलेले आहेत. डोस मी मुद्दाम लिहीत नाही, उद्या कोणीतरी स्क्रीनशॉट घेऊन माझ्याच काउंटरवर येईल.

मला खरी काळजी वाटते ती गरमीची, म्हणजे सिफिलिसची. तिची जखम दुखत नाही. साधारण तीन आठवड्यांनी येते, काही न करता भरून येते, आणि माणूस म्हणतो बरं झालं. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ उठतं, तेही आपोआप जातं, आणि मग वर्षानुवर्षं शांतता. शेवटी हृदय किंवा मेंदू. अर्धवट गोळ्या खाल्ल्या की ही सुरुवातीची खूणही पुसली जाऊ शकते. आणि उपाय काय, तर लवकर सापडली तर बेंझाथिन पेनिसिलीनचं 24 लाख युनिटचं इंजेक्शन, एकदाच. इतक्या दशकांत या जंतूने पेनिसिलीनला दाद दिली नाही असं झालेलं नाही. स्वस्त औषध असूनही माणसं ते घ्यायला जात नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

हर्पिस आणि चामखीळ हे विषाणूंचे. हर्पिस औषधाने आवरतो, मुळातून जात नाही. चामखिळीच्या विषाणूवर, म्हणजे एचपीव्हीवर, आणि हिपॅटायटिस बी वर लस आहे.

आणि जांघेतलं सगळंच गुप्तरोग नसतं. मे महिन्यात माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना घामाचा नायटा असतो आणि ते एड्सच्या भीतीने अर्धे झालेले असतात. त्यावर स्टेरॉइड मिसळलेली क्रीम चोळू नका, नायटा दबतो आणि दुप्पट पसरतो.

आता कुठे जायचं. मेडिकल किंवा मेयो, म्हणजे नागपूरची दोन सरकारी मेडिकल कॉलेजांची हॉस्पिटलं, तिथली सकाळची त्वचारोग ओपीडी. तिथे सरकारचं 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तपासणी आणि औषध मोफत. ओळखीचं कोणी भेटलं तरी काय बिघडलं? रांगेत नायटावाले, कोडवाले, मुरुमांवाली पोरं सगळीच असतात. खासगीतच जायचं असेल तर धंतोली-रामदासपेठेत त्वचारोगाची एमडी केलेले डॉक्टर आहेत. रुळालगतच्या भिंतींवर नंबर रंगवलेल्यांकडे मात्र नको. जवळचं केंद्र हवं असेल तर 1097 या सरकारी एड्स हेल्पलाइनवर फोन करा, नाव सांगावं लागत नाही. जाताना रिकामी स्ट्रिप सोबत न्या, आणि त्याआधी दीड-दोन तास लघवी रोखून धरा, नाहीतर नमुन्यात काही सापडत नाही.

रक्ताचीही तपासणी होईल: एचआयव्ही, व्हीडीआरएल (गरमीची तपासणी), हिपॅटायटिस. आज निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करायची, कारण सुरुवातीला ती फसवते. 2017 च्या कायद्याने, काही अपवाद सोडले तर, एचआयव्हीचा निकाल तुमच्या संमतीशिवाय कोणाला सांगता येत नाही. एचआयव्ही रोखायच्या गोळ्या संबंधानंतर 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, तुमची ती वेळ गेली. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाची गेली नसेल तर त्याने आत्ताच उठून सरकारी दवाखाना गाठावा.

राहिली होणारी बायको. तिला सांगावंच लागेल भाऊ. तिला काहीच त्रास नसेल, तरी औषध दोघांनी एकाच वेळी घ्यायचं आणि नंतर सात दिवस संबंध ठेवायचा नाही. एकाने घेतलं आणि एकाने नाही, तर रोग परत तुमच्याकडेच येतो. तिला त्वचारोग विभागात यायचं नसेल तर स्त्रीरोग ओपीडी आहे. तोंडातून शब्द फुटत नसेल तर क्लिनिकमधल्या समुपदेशकाला आधी सांगा. दोघांना बसवून बोलणं हे त्यांचं रोजचं काम आहे. ती चिडेल, लग्नाचा फेरविचारही करेल, तो तिचा हक्क. पण दोन वर्षांनी मूल का होत नाही म्हणून डॉक्टरांच्या खेपा घालताना तिला हे कळणं फार वाईट.

तोवर कंडोम, पण पाकिटात महिनोन्महिने ठेवलेला किंवा उन्हात गाडीच्या डिक्कीत भाजलेला नको, आणि त्यावर खोबरेल तेल तर अजिबात नको, रबर फाटतं. लग्नाला पाच महिने आहेत, म्हणजे तीन महिन्यांची फेरतपासणीही त्याआधीच उरकते.