समुद्रफेस म्हणजे स्पंज नव्हे

ओहोटीला मालवणच्या खडकांवर चिकटलेला नारिंगी स्पंज पाहून एकांनी विचारलंय, याला मराठीत ‘समुद्रफेस’ म्हणायचं का?

अजिबात नाही! हल्ली किनाऱ्यावर जे जे भोकंभोकं असलेलं सापडेल त्याला लोक समुद्रफेस म्हणत सुटतात. समुद्रफेस, म्हणजे आयुर्वेदातला समुद्रफेन, ही माकुलाच्या, म्हणजे कटलफिशच्या, पाठीतली ढलपी. पांढरी, होडीच्या आकाराची, एका बाजूला नख लावलं की भुगा पडतो. पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात तीच. तिचा स्पंजाशी काडीचा संबंध नाही.

शाळेच्या पुस्तकातलं ‘रंध्रीय प्राणी’ही नको. १८३६ साली प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रँटने दिलेल्या ‘पोरिफेरा’चं ते मराठीकरण, प्राण्यांच्या अख्ख्या संघाचं नाव. मांजरीला ‘ए सस्तन’ म्हणून हाक मारतं का कुणी?

भांडी घासायचा स्पंज, केक, डोसा हे सोडून देऊ. ग्रीक ‘स्पोंगोस’, मग लॅटिन, मग इंग्रजी, मग आपण, हा रस्ताही सरळ आणि कंटाळवाणा. खरी गंमत फारसीत आहे. तिथे ‘अब्र’ म्हणजे ढग, आणि ‘अब्र’ म्हणजेच स्पंज! जुनं नाव ‘अब्र-ए-मुर्दा’, मेलेला ढग. हिंदुस्तानीत त्याचंच झालं ‘मुआ बादल’. मेलेला का? अंघोळीचा स्पंज हा मेल्या प्राण्याचा सांगाडा असतो म्हणून, असं कुणीही सांगेल. मला नाही पटत. बाजारात तो विकत घेणाऱ्याला प्राण्याचं काय पडलेलं? माझ्या मते, ढग आपणहून बरसतो आणि हा पिळल्याशिवाय थेंब सोडत नाही, म्हणून मुर्दा.

हा ‘अब्र’ आणि आपलं ‘अभ्र’, ज्यावरून आभाळ आलं, ही सख्खी भावंडं. आता ‘सगळं संस्कृतातूनच गेलं’वाले उड्या मारतील. अहो, भावंड म्हणजे लेकरू नव्हे. दोघांची आई त्याहून जुनी. आणि उशीचा अभ्रा कृपा करून मध्ये आणू नका. तोही फारसीच, पण ‘अब्रा’ म्हणजे वरचं कापड, अस्तराचा जोडीदार. ढगाशी त्याचं काही नातं नाही.

हां, प्रश्न राहिलाच. खुशाल ‘स्पंज’ म्हणा, शब्द केव्हाच रुळलाय. फक्त उपटून घरी नेऊ नका. बऱ्याच स्पंजांच्या अंगात सिलिकाचे बारीक काटे असतात, ते बोटांत शिरले की खाज सुटते. शिवाय सुकल्यावर नारिंगी रंग उडतो आणि घरभर घाण वास सुटतो.