आधी खोलीची किल्ली, मग भटकंती

प्रश्न : ताई, मी मूळची साताऱ्याची, पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. देवाणघेवाण योजनेतून जर्मनीतल्या ड्रेसडेनच्या तांत्रिक विद्यापीठात एका सत्रासाठी माझी निवड झाली आहे. वसतिगृहाची खोली १ ऑक्टोबरपासून मिळेल, तास ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतील. आम्ही तिघी मैत्रिणी वेगवेगळ्या शहरांत जाणार आहोत. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पॅरिसला उतरायचं आणि ॲम्स्टरडॅम, स्वित्झर्लंड, व्हिएन्ना, प्राग बघत आपापल्या विद्यापीठात पोचायचं, असा बेत आहे. बाबा म्हणतात, "शिकायला चालली आहेस, सरळ जा." मला वाटतं, एकदा अभ्यास सुरू झाला की फिरणं राहून जाईल. तिकीट अजून काढलेलं नाही. काय करू?

उत्तर : फिर, नक्की फिर. बाबांना माझा निरोप सांग की ज्या मुलखात सहा महिने काढायचे तो पायाखालून घालणं हाही शिक्षणाचाच भाग आहे. पण बेत उलटा कर. आधी ड्रेसडेन, आणि तिथून भटकंती.

तुझ्या बाबतीत जवळजवळ सगळं १ ऑक्टोबरला सुरू होतं. खोली तेव्हा मिळणार. विद्यार्थ्यांचा सरकारी आरोग्य विमाही सत्राबरोबर, म्हणजे त्याच दिवशी सुरू होतो. विद्यापीठाच्या शुल्कातून मिळणारं प्रवासाचं तिकीटही सत्राचंच असतं. म्हणजे सप्टेंबरात फिरलीस तर रोज रात्री हॉस्टेलचं भाडं, वेगळा प्रवास विमा आणि प्रत्येक गाडीचं पूर्ण तिकीट. शिवाय तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. त्यांत कुकर, मसाले आणि हिवाळ्याचे कपडे असणार. पॅरिसच्या मेट्रोच्या जिन्यांवरून हे सामान चढवताना तुला आयफेल टॉवरही नकोसा होईल.

व्हिसाचं स्टिकर हातात आलं की त्यावरची 'पासून' ही तारीख आधी बघ. त्या तारखेच्या एक दिवस आधीसुद्धा उतरता येत नाही, आणि सप्टेंबरातलं तिकीट काढून ठेवलं तर इथेच अडायला होतं. ती तारीख कळेपर्यंत तिकीट काढू नकोस. जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या 'डी' व्हिसावर शेंगेनमधल्या (आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या) इतर देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. फ्रान्स, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, चेकिया, स्वित्झर्लंड सगळे त्यात आले. म्हणजे पॅरिस तुला संपूर्ण सत्रभर मोकळं आहे. नाताळाच्या सुमारास विद्यापीठ बंद असतं, तेव्हा तिघी मिळून जा. मधल्या शनिवार-रविवारी एकमेकींच्या गावी जा. ओळखीच्या माणसाकडे उतरून पाहिलेलं शहर जास्त लक्षात राहतं, आणि पैसेही वाचतात.

आता पहिले दिवस. कामाच्या वारी, दुपारच्या आत पोचेल असं विमान बघ, कारण वसतिगृहाची किल्ली देणारा माणूस ठरावीक वेळेतच भेटतो. ३ ऑक्टोबर हा जर्मन एकीकरणाचा दिवस, देशभर सुट्टी. त्या दिवशी आणि रविवारी किराणा दुकानं बंद असतात, तेव्हा पोचल्या संध्याकाळीच दूध, ब्रेड, तांदूळ भरून ठेव. खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. तिला सगळे 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी वसतिगृहाचा सही केलेला दाखला लागतो. कार्यालयाची वेळ इथूनच ऑनलाइन घेऊन ठेव, सत्राच्या तोंडावर ती पटकन मिळत नाही. ब्लॉक्ड खात्यातले, म्हणजे व्हिसासाठी आधी भरून ठेवलेले आणि दरमहा ठरावीकच मिळणारे पैसे (सप्टेंबर २०२४ पासून महिना ९९२ युरो या हिशेबाने) तिथलं बँक खातं सुरू होऊन हातात यायला वेळ लागू शकतो. पहिल्या महिन्याचं भाडं, अनामत आणि जेवणखाण निघेल एवढी रक्कम फॉरेक्स कार्डवर वेगळी ठेव.

एवढं झालं की तास सुरू होईपर्यंतचे दिवस तुझे. विद्यापीठाचा स्वागताचा आठवडा मात्र चुकवू नकोस, ओळखी तिथेच होतात.

पहिला दिवस ड्रेसडेनच्या राजवाड्यात काढ. तिथे 'नवं ग्र्यूनेस गेव्योल्बे' नावाचं रत्नसंग्रहालय आहे आणि त्यात एक वस्तू साताऱ्याच्या मुलीने बघायलाच हवी : औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार. सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे तिथला सत्ताधीश, ऑगस्टस द स्ट्राँग याच्यासाठी त्याचा सोनार योहान मेल्खिओर डिंगलिंगर याने भावांच्या मदतीने १७०१ ते १७०८ या काळात तो घडवला. सोनं, चांदी, मीनाकारी, हजारो हिरे. मोठ्या टेबलाएवढ्या जागेत सिंहासन, नजराणे घेऊन आलेले सरदार, हत्ती, उंट. मी त्या काचेसमोर बराच वेळ उभी राहिले आहे आणि पुन्हा गेले तरी तेच करीन. डिंगलिंगर भारतात कधी आला नव्हता. प्रवाशांची वर्णनं वाचून त्याने दिल्ली रचली. आणि तो ती रचत होता तेव्हा खरा औरंगजेब दिल्लीत नव्हताच! १६८१ मध्ये दख्खनेत उतरला तो परत गेला नाही. एप्रिल १७०० मध्ये तुझ्या गावचा अजिंक्यतारा त्याच्या हाती पडला. मग पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे एकेक गड तो घेत होता आणि ताराबाईंच्या नेतृत्वाखाली मराठे ते पुन्हा जिंकत होते. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ तो वारला. ड्रेसडेनचा दरबार पुरा झाला तो त्यानंतर. जर्मन वर्गमित्रांना घेऊन गेलीस तर हा अर्धा इतिहास त्यांना तुझ्याकडूनच कळेल. जाण्याआधी संग्रहालयाचा सुट्टीचा वार तेवढा तपास.

तिथून चालत काही मिनिटांवर फ्राउएनकिर्शे हे चर्च आहे. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यानंतर ते कोसळलं आणि पूर्व जर्मनीच्या काळात ढिगारा तसाच ठेवला होता. ३० ऑक्टोबर २००५ ला ते पुन्हा उघडलं. भिंतीतले काळपट दगड जुन्या इमारतीतले, फिकट ते नवे. घुमटावरचा क्रूस लंडनच्या ज्या सोनाराने घडवला, त्याचे वडील ड्रेसडेनवरच्या त्या हल्ल्यात वैमानिक होते. हे कळल्यावर मान आपोआप वर जाते.

एक दिवस डोंगराला दे. एस-१ लोकलने साधारण पाऊण तासात राथेन येतं. स्टेशनवरून एल्ब नदी ओलांडायला नाव आहे, तिला इंजिन नाही. दोराला बांधलेली ही नाव नदीच्या प्रवाहावरच तिरकी होऊन पलीकडे जाते. मेकॅनिकलवाल्यांनी बघावी अशीच गोष्ट. पलीकडून तासाभराच्या आत चढून गेलं की बास्टायचा १८५१ चा दगडी पूल. आपल्याकडचा काळा कातळ बघितलेल्या डोळ्यांना तो वालुकाश्म फार वेगळा वाटतो. पायात बूट चांगले हवेत, ऑक्टोबरात पानांनी वाट निसरडी असते.

९ ऑक्टोबरला जमलं तर लाइपझिगला जा. १९८९ मध्ये त्या दिवशी निकोलाय चर्चमधल्या सोमवारच्या प्रार्थनेनंतर सुमारे सत्तर हजार माणसं पूर्व जर्मनीच्या सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि गोळी चालली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत उघडली. शहर ही तारीख मेणबत्त्या लावून पाळतं. त्याच शहरात टॉमस चर्चमध्ये संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांची समाधी आहे; १७२३ पासून मृत्यूपर्यंत ते तिथे होते.

बर्लिन नंतरही होईल. गेलीस की डालेम भागातल्या ईनेश्ट्रासं २२ या इमारतीपाशी जाऊन ये. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी संशोधनासाठी तिथल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत आल्या होत्या. कवट्यांच्या मोजमापातून वंशावंशांत फरक दिसेल अशी मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंच्या मोजमापात तो दिसला नाही आणि त्यांनी तसं लिहिलं. पुढे नाझी काळात ही संस्था वंशद्वेषाच्या कामात बुडाली. दारापाशी त्याची आठवण देणारी पाटी आहे.

प्राग ड्रेसडेनहून आगगाडीने अडीच तासांच्या आत येतं. मूळ पासपोर्ट जवळ ठेव. शेंगेन असलं तरी सप्टेंबर २०२४ पासून जर्मनी सगळ्या भू-सीमांवर तपासणी करते आहे, मोबाइलमधला फोटो चालत नाही. जर्मनीतल्या लोकल-प्रादेशिक गाड्यांसाठीचं डॉइचलँड-तिकीट जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरो आहे. ते वेगवान आयसीई गाड्यांना चालत नाही. तुझं विद्यार्थी तिकीट कुठवर चालतं ते विद्यापीठाच्या पत्रात आधी बघ, कदाचित वेगळं घ्यावंच लागणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा ऑक्टोबरमध्ये जर्मनीला शिकायला जातो आहे. त्याची घडी बसवून द्यायला आम्ही दोघांनी सोबत जावं का? — एक आई, नाशिक

उत्तर : तुमचा जीव का तुटतो ते मला कळतं. तरीही ऑक्टोबरात जाऊ नका. विद्यार्थी वसतिगृहाच्या खोलीत तिघांचा मुक्काम जमणार नाही, हॉटेल घ्यावं लागेल, आणि त्या दिवसांत त्याला रांगा आणि कार्यालयं असतात. तो तुमच्याकडे बघेल की कागदांकडे? डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जा. तोवर त्याला ट्रामचे क्रमांक पाठ झालेले असतील आणि तोच तुम्हाला फिरवील. नाताळच्या बाजारांचे ते दिवस असतात. ड्रेसडेनचा श्ट्रित्सेलमार्क्ट तर १४३४ पासूनचा आहे. तुम्हाला वेगळा पर्यटक व्हिसा लागेल, मोठ्यांना त्याचं शुल्क ९० युरो आहे. मुलाचं आमंत्रणपत्र आणि विद्यापीठाचा दाखला जोडा आणि अर्जाची वेळ सप्टेंबरातच घेऊन ठेवा. गुडघे दुखत असतील तर व्हिसासाठी लागणाऱ्या विम्यात जुन्या दुखण्याचा खर्च बसतो का, हे एजंटला विचारून लेखी घ्या.