बीसी-४५४ रिसीव्हर तापतो, पण आवाज नाही. डायनामोटर काढून टाकू का?

नका काढू.

विमानातला हा जुना अमेरिकन रिसीव्हर तुम्ही २८ व्होल्टवर लावलात, डायनामोटर (२८ व्होल्टचे २५० व्होल्ट करणारा फिरता जनरेटर) फिरतो, व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या निर्वात नळ्या) तापतात आणि हेडफोनमध्ये चिडीचूप. एवढंच असतं तर मी दोन ओळींत उत्तर दिलं असतं. पण पुढे तुम्ही ऐटीत लिहिलंय, ‘सगळं ओरिजिनल आहे, आतला एकही भाग बदललेला नाही.’ तिथेच माझं डोकं फिरलं.

ज्या काकांनी मला डाख द्यायला शिकवलं, त्यांचाही हाच हेका. माझा पहिला ४५४ त्यांच्या टेबलावर ठेवला तेव्हा मी म्हटलं, चेसिसखालचे, म्हणजे सेटच्या पत्र्याच्या सांगाड्याखालचे, ते पत्र्याच्या डबीतले कागदी कपॅसिटर आधी मोजू. एकेका डबीत तीन-तीन. काका म्हणाले, ‘‘अरे, २५,००० फुटांवर गारठ्यात चाललाय हा. टेबलावर काय धाड भरणार आहे त्याला?’’ आणि दिले २८ व्होल्ट. डायनामोटरची शिट्टी चढत गेली, अर्धा मिनिट दोघंही खूश. मग खालून करपल्याचा वास. उलटा करून बघतो तर एक रेझिस्टर कोळसा झालेला. डबीतला एक कपॅसिटर शॉर्ट, आणि २५० व्होल्ट त्या बिचाऱ्या रेझिस्टरमधून सरळ अर्थला. काका म्हणाले, ‘‘जोडताना तुझंच काहीतरी चुकलं असणार.’’

घरी आणून डब्या खालून तापवल्या, आतला गाळ उपसला, ६३० व्होल्टचे फिल्म कपॅसिटर भरले आणि तळ पुन्हा डाखला. बाहेरून काही कळत नाही. काकांच्या लेखी ही फसवणूक. मग युद्धात मेकॅनिक काय करत होते? जळका भाग ओरिजिनल म्हणून तसाच ठेवून विमान सोडत होते? महिन्याभराने काका आले, साडेतीन मेगाहर्ट्झवरचा मोर्स कान देऊन ऐकला आणि म्हणाले, ‘‘बघ, ओरिजिनलची मजाच वेगळी.’’ तेव्हा मी गप्प बसलो. म्हणून आज इथे लिहितोय.

तर आधी डब्या बदला. चेहरा जसाच्या तसा ठेवा, पोटातलं बदला. पॅनेलला भोकं पाडणाऱ्यांशी मात्र मी बोलत नाही.

तुमचा सेट मुका का, तर बहुधा गेनची, म्हणजे आवाज कमी-जास्त करण्याची, तार मोकळी असेल. या रिसीव्हरवर आवाजाचं बटण नाहीच, ते वेगळ्या कंट्रोल बॉक्समध्ये असायचं. ती तार पोटेन्शिओमीटरमधून (फिरवून कमी-जास्त होणाऱ्या रेझिस्टरमधून) अर्थला गेली नाही तर व्हॉल्व्हच्या कॅथोडमधून करंट जाण्याचा रस्ताच तुटतो. शिवाय १२ व्होल्टचे व्हॉल्व्ह दोन-दोन सिरीजमध्ये आहेत, एक गेला की जोडीदारही थंड. धातूचे असल्यामुळे उजेड दिसत नाही, म्हणून सगळे तापलेत का ते बोट लावून बघा. एकच बघून ‘तापतात’ म्हणू नका.

आणि हो, डायनामोटरमधलं ग्रीस इतक्या वर्षांत वाळून मेण झालेलं असतं. साफ करून नवं भरेपर्यंत पुन्हा फिरवू नका, मी वर ‘नका काढू’ म्हटलं असलं तरी. तोवर तो उचलून कपाटात ठेवा आणि त्याच्या सॉकेटवर बाहेरून २५० व्होल्ट द्या. चेसिस उघडी असताना एक हात खिशात, म्हणजे शॉक एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून जाणार नाही. खालच्या बाजूचा फोटो टाका, मग रेझिस्टर बघून सांगतो.